पराभव परवडला पाहिजे

२ डिसेंबर २०१६ रोजी पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या छोट्या देशाच्या दूरचित्रवाणीवर कोणाच्या स्वप्नातही नसलेले दृश्य दिसले. बावीस वर्षांपूर्वी लष्करी बंड करून सत्तेवर आलेला, विरोधकांच्या छळासाठी आणि हत्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला राष्ट्राध्यक्ष याह्या जामे हा निवडणूक जिंकलेल्या अदामा बॅरो यांना फोन लावून, हसत हसत, शुभेच्छा देत होता. या देशात मतदार कागदावर शिक्का मारत नाहीत, आपल्या उमेदवाराच्या पिंपात काचेची गोटी टाकतात. त्या गोट्यांनी बंदुकीवर मात केली, असे त्या दिवशी अनेकांना वाटले असेल. आठवडाभरात, ९ डिसेंबरला, जामेने शब्द फिरवला. मतमोजणीत चुका झाल्याचे कारण त्याने दिले. निवडणूक आयोगाने आकडे दुरुस्त केले होते हे खरे, पण दुरुस्तीनंतरही बॅरोच पुढे होते. मधल्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडली होती: विजयी आघाडीतून जामेवर खटला भरण्याची भाषा उघडपणे ऐकू येऊ लागली होती. अखेर शेजारी देशांच्या फौजा सीमेवरून आत आल्यावर, २१ जानेवारी २०१७ रोजी, तो देश सोडून गेला.

त्या एका आठवड्यात गांबियातील लोकांची इच्छा बदलली नव्हती, देशाचे उत्पन्न किंवा साक्षरता बदलली नव्हती, राज्यघटनाही तीच होती. जामेच्या मनात काय चालले होते याचा दाखला कोणी देऊ शकणार नाही, तरी घटनांचा क्रम बोलका आहे. शुक्रवारी त्याला निवृत्ती दिसत होती, पुढच्या शुक्रवारपर्यंत तुरुंग दिसू लागला. देश लोकशाही कसे होतात या प्रश्नाची उत्तरे आपण सहसा लोकांच्या आकांक्षेत, शिक्षणात, संस्कृतीत किंवा समृद्धीत शोधतो. माझे म्हणणे असे आहे की, ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला हरणे परवडू लागते तेव्हा लोकशाही येते, आणि बाकीची सगळी कारणे बहुतांशी या एका कारणाच्या वाटेनेच काम करतात.

हे म्हणणे अनेकांना रुचणार नाही, कारण त्यात जनतेपेक्षा जुलमी माणसाच्या मनःस्थितीला अधिक महत्त्व दिल्यासारखे वाटते. पण ४ जून १९८९ या एकाच दिवशी घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या दिवशी पोलंडमध्ये मतदान झाले आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ राज्य करणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाचा मतपेटीतून धुव्वा उडाला. त्याच दिवशी पहाटे बीजिंगमध्ये सैन्याने रणगाडे घालून तिआनआनमेन चौक रिकामा केला. दोन्हीकडे लोकांनी मोठी हिंमत दाखवली होती, दोन्हीकडे मागण्यांमध्ये बरेच साम्य होते, आणि उत्पन्नाच्या बाबतीत पोलंड पुढे असला तरी तेवढ्याने हा फरक उलगडत नाही. फरक पडला तो राज्यकर्त्यांना आपला पराभव कसा दिसत होता यामुळे. बीजिंगमधील वृद्ध नेत्यांनी माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात सत्ता गमावणे म्हणजे काय हे स्वतःच्या अंगावर अनुभवले होते. राष्ट्राध्यक्षपदी राहिलेले लिउ शाओची १९६९ मध्ये कैदेत मरण पावले, आणि १९८९ मध्ये चीनचे सर्वोच्च नेते असलेल्या डंग शियाओपिंग यांच्या मुलाला त्याच छळात कायमचे अपंगत्व आले. सत्तेबाहेर फक्त खोल दरी आहे असे ज्याच्या आयुष्याने त्याला शिकवले, तो चर्चेच्या टेबलाशी बसत नाही. डंग यांचे समर्थन करण्यासाठी मी हे लिहीत नाही. गोळीबार हा गोळीबारच होता.

पोलंडमधील राज्यकर्त्यांचे चित्र वेगळे होते. १९८१ च्या डिसेंबरात मार्शल लॉ लावून त्यांनी सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना दडपली होती, पण सात वर्षांनी अर्थव्यवस्था ठप्प होती, संप पुन्हा सुरू झाले होते आणि मॉस्कोत गोर्बाचोव होते, म्हणजे मदतीला सोव्हिएत रणगाडे येण्याची आशा उरली नव्हती. फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ या काळात झालेल्या गोलमेज चर्चेत त्यांनी आपल्यापुरती भक्कम तटबंदी करून घेतली. कनिष्ठ सभागृहाच्या ६५ टक्के जागा सत्ताधारी पक्ष आणि त्याच्या मित्रपक्षांसाठी राखीव ठेवल्या गेल्या, आणि राष्ट्राध्यक्षपद मार्शल लॉ लावणारे जनरल यारुझेल्स्की यांच्याकडे जाईल असे गृहीत धरले गेले. उरलेल्या ज्या जागांवर खुली लढत झाली त्या सॉलिडॅरिटीने जवळजवळ सगळ्याच्या सगळ्या जिंकल्या: कनिष्ठ सभागृहातील १६१ पैकी १६१ आणि सिनेटमधील १०० पैकी ९९. राज्यकर्त्यांचा अंदाज साफ चुकला होता. (लोकशाहीच्या इतिहासात चुकलेल्या अंदाजांचे ऋण फार मोठे आहे, आपण हरणारच हे आधी कळले असते, तर कितीतरी हुकूमशहांनी निवडणूक जाहीरच केली नसती.) तरीही निकाल रद्द झाला नाही. यारुझेल्स्की जुलैमध्ये एका मताच्या फरकाने राष्ट्राध्यक्ष झाले, आणि सॉलिडॅरिटीचे पंतप्रधान ताद्यूश माझोव्येत्स्की यांच्या मंत्रिमंडळात संरक्षण व गृह ही खाती सुरुवातीला कम्युनिस्टांकडेच राहिली. हरलेल्यांना पाय टेकायला जागा होती. त्याहून महत्त्वाचे पुढे घडले: नाव आणि धोरण बदललेल्या त्याच पक्षाने १९९३ ची निवडणूक जिंकली, आणि गोलमेज चर्चेत सरकारच्या बाजूने बसलेले अलेक्सांदेर क्वाश्निएव्स्की १९९५ मध्ये थेट सॉलिडॅरिटीचे नेते लेख वावेन्सा यांना हरवून राष्ट्राध्यक्ष झाले.

सत्ताधाऱ्याच्या मनात नेहमी दोन हिशेब चालू असतात. एक, सत्तेला चिकटून राहायला किती किंमत मोजावी लागेल? दोन, सत्ता सोडली तर किती किंमत मोजावी लागेल? पहिली किंमत दुसरीपेक्षा जड झाली की दार उघडते. चळवळी, संप, बहिष्कार, बाहेरच्या देशांचा दबाव, कर्जाचा बोजा, हरलेले युद्ध या सगळ्यांचे काम पहिली किंमत वाढवणे हे असते. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरील युद्ध हरल्यावर अर्जेंटिनाच्या लष्करशहांना, आणि आफ्रिकेतील वसाहतींमधील अंतहीन युद्धांनी थकलेल्या पोर्तुगीज राजवटीला १९७४ मध्ये, सत्ता टिकवणे याच कारणाने अशक्य झाले. दुसऱ्या किमतीकडे मात्र लोकशाहीवादी लोक फारसे लक्ष देत नाहीत, कारण जुलमी माणसाला सुखरूप बाहेर पडण्याची वाट करून देणे त्यांना अपमानास्पद वाटते. भावना समजण्यासारखी आहे. पण केवळ पहिली किंमत वाढवत नेली आणि दुसरी आभाळाला भिडलेलीच ठेवली, तर सत्ताधारी अधिकाधिक क्रूर होत जातो आणि शेवट बहुतेक वेळा रक्तपातात किंवा नव्या हुकूमशाहीत होतो.

समृद्धी आणि लोकशाही यांच्या नात्याबद्दल गेली साठ-सत्तर वर्षे वाद चालू आहे. श्रीमंत देशांमध्ये लोकशाही अधिक आढळते आणि टिकते, हे निरीक्षण बऱ्याच अंशी खरे आहे. पण श्रीमंतीतून लोकशाही आपोआप उगवते असे म्हणावे, तर आखातातील तेलसंपन्न राजेशाह्यांचे काय करायचे? आणि गरिबीत ती रुजत नाही असे म्हणावे, तर १९५१-५२ मध्ये सुमारे १७ कोटी मतदारांची, त्यातही बहुसंख्य निरक्षर मतदारांची, सार्वत्रिक निवडणूक घेणाऱ्या भारताचे काय? मला वाटते की समृद्धीपेक्षा तिचा उगम कोठे आहे हे महत्त्वाचे. जेथे संपत्ती कारखान्यांत, व्यवसायांत, शिक्षणात आणि अनेकांच्या हातांत विखुरलेली असते, तेथे मंत्रिपद गेलेला माणूस वकिली करतो, कंपनी चालवतो किंवा विद्यापीठात शिकवतो. हरल्याने त्याचे पोट जात नाही. जेथे सगळी संपत्ती जमिनीखाली असते आणि तिची किल्ली राजवाड्यात असते, तेथे राजवाडा गेला की सर्वस्व गेले. नॉर्वेला उत्तर समुद्रात तेल सापडले ते १९६९ मध्ये, तेव्हा तेथील पक्ष कितीतरी पिढ्या आळीपाळीने हरायला शिकलेले होते. बोट्स्वानातही हिऱ्यांचा पैसा आला तो १९६६ च्या स्वातंत्र्यानंतर, निवडणुकांची चौकट आधीच उभी असताना. त्या देशावर सलग ५८ वर्षे राज्य करणारा पक्ष ऑक्टोबर २०२४ मध्ये हरला आणि त्याने मुकाट्याने सत्ता सोडली.

हरणे परवडण्यासाठी सर्वांत मोठा आधार कोणता, तर पुन्हा जिंकता येईल हा विश्वास. १८६७ मध्ये ब्रिटनमध्ये शहरी कामगारांच्या मोठ्या वर्गाला मताधिकार दिला तो डिझरायली यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने. पुढच्याच वर्षीची निवडणूक त्यांनी गमावली, पण १८७४ मध्ये त्याच नव्या मतदारांच्या साथीने ते बहुमताने परतले. मताधिकार वाढला तरी जमीनदारांचा पक्ष बुडत नाही हे दिसल्यावर पुढचे टप्पे गाठणे कमी भीतीदायक झाले, तरीही स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ उजाडावे लागले. बेनिनमध्ये १९७२ च्या बंडाने सत्तेवर आलेले मात्यू केरेकू १९९० मध्ये दिवाळखोर तिजोरी आणि पगार थकलेले सरकारी नोकर यांच्या कात्रीत सापडले. त्यांनी बोलावलेल्या राष्ट्रीय परिषदेने स्वतःलाच सार्वभौम घोषित केले आणि त्यांनी ते मान्य केले. त्यांना अभय मिळाले, १९९१ मध्ये ते निवडणूक हरले, घरी गेले, आणि १९९६ मध्ये लोकांच्या मतांनी पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. हुकूमशहा म्हणून गेलेला माणूस मते मागून परत येतो, हे पाहून कोणाला वैताग येईल. मला मात्र यात लोकशाहीच्या प्रवेशाचा सर्वांत स्वच्छ नमुना दिसतो.

तैवानचे उदाहरण याहून मोठे. तेथे १९४९ पासून १९८७ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे, मार्शल लॉ होता. सप्टेंबर १९८६ मध्ये विरोधकांनी कायदा झुगारून पक्ष स्थापन केला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष च्यांग चिंग-कुओ यांनी अटकसत्र सुरू केले नाही आणि पुढच्या वर्षी मार्शल लॉ उठवला. हे औदार्य होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या कुओमिंतांग पक्षाकडे गावोगावी पसरलेली संघटना होती, वेगाने वाढलेल्या अर्थव्यवस्थेचे श्रेय होते आणि स्थानिक निवडणुका लढवण्याचा दीर्घ अनुभव होता. खुल्या मैदानातही आपण जिंकू असा आत्मविश्वास त्यातून आला. तो बऱ्याच अंशी खरा ठरला: १९९६ ची पहिली थेट अध्यक्षीय निवडणूक त्याच पक्षाच्या ली तंग-हुई यांनी जिंकली. २००० मध्ये पक्ष हरला, २००८ मध्ये परत आला, २०१६ मध्ये पुन्हा हरला. मंगोलियातही १९९० मध्ये चळवळीपुढे नमून जुन्या पक्षाने निवडणूक घेतली आणि ती जिंकली, १९९६ मध्ये हरला, २००० मध्ये परतला. लोकशाहीच्या स्थापनेत जुन्या सत्ताधारी पक्षाचे टिकून राहणे हा डाग समजला जातो. मला ते विमा उतरवल्यासारखे वाटते.

दक्षिण आफ्रिकेत पेच आणखी कठीण होता. तेथील गोऱ्या अल्पसंख्याकांच्या पक्षाला पुन्हा सत्तेवर येण्याची आशाच नव्हती. एक माणूस एक मत म्हटले की त्यांचा पराभव कायमचा होता. पुन्हा जिंकण्याची शक्यता नसेल, तर हरूनही काहीतरी शिल्लक राहील अशी हमी द्यावी लागते. गंमत अशी की ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे मांडली ती कम्युनिस्ट नेते जो स्लोवो यांनी, ज्यांच्या पत्नीला १९८२ मध्ये वंशवादी राजवटीने पाकिटबॉम्ब पाठवून मारले होते. १९९२ मध्ये त्यांनी सुचवलेल्या तडजोडीचा गाभा असा की ठरावीक मुदतीपर्यंत सत्ता वाटून घ्यावी आणि गोऱ्या सरकारी नोकरांच्या नोकऱ्यांना व निवृत्तिवेतनाला हात लावू नये. १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेने पाच वर्षांच्या राष्ट्रीय ऐक्याच्या सरकारची तरतूद केली, २० टक्के मते मिळवणाऱ्या पक्षाला उपराष्ट्राध्यक्षपदाचा हक्क दिला, आणि १९९४ च्या निवडणुकीनंतर मंडेला राष्ट्राध्यक्ष व गोऱ्यांच्या पक्षाचे नेते डी क्लर्क त्यांचे एक उपराष्ट्राध्यक्ष झाले. जमीन आणि संपत्तीची विषमता मात्र जवळपास जशीच्या तशी राहिली, आणि त्याची फळे तो देश आजही भोगतो आहे. ही किंमत फार मोठी होती असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. फक्त, त्या वेळी समोर असलेला दुसरा पर्याय यादवी युद्ध हा होता, हे लक्षात ठेवावे लागते.

यावर आक्षेप येईल की मग लोकांच्या लढ्याला काही अर्थच उरत नाही, सगळा खेळ वरच्या वर्गाच्या सौद्यांचा. तसे नाही. सौदा करायला कोणी बसतो तो बसावे लागते म्हणून. दक्षिण कोरियात जानेवारी १९८७ मध्ये एका विद्यार्थ्याचा पोलीस कोठडीत छळाने मृत्यू झाला, तो लपवण्याचा प्रयत्न उघडकीस आला, आणि जूनमध्ये विद्यार्थ्यांबरोबर कार्यालयांत काम करणारा मध्यमवर्गही रस्त्यावर उतरला. पुढच्या वर्षी सोलमध्ये ऑलिंपिक व्हायचे होते आणि साऱ्या जगाचे डोळे त्या शहरावर होते. २९ जूनला सत्ताधारी पक्षाचे नियोजित उमेदवार रो ते-वू यांनी थेट निवडणुकीची मागणी मान्य केली. लोक उतरले नसते तर हे झाले नसते, यात शंका नाही. पण रो यांना होकार देणे शक्य का झाले? किम यंग-साम आणि किम दे-जुंग हे दोन विरोधी नेते एकत्र येणार नाहीत असा हिशेब त्यांना करता येत होता. डिसेंबरमध्ये तसेच झाले आणि जेमतेम ३७ टक्के मतांवर रो निवडून आले. विरोधकांची फूट ही त्या क्षणी शोकांतिका वाटली. दहा वर्षांनी, डिसेंबर १९९७ मध्ये, किम दे-जुंग जिंकले तेव्हा लष्कराने बोट उचलले नाही, कारण मधल्या दशकात सर्वांनाच मतपेटीची सवय झाली होती.

उलट्या बाजूचे पुरावेही पाहावेत. अल्जीरियात डिसेंबर १९९१ मध्ये निवडणुकीच्या पहिल्या फेरीत इस्लामिक साल्व्हेशन फ्रंटने १८८ जागा जिंकल्या. या पक्षाच्या काही नेत्यांनी लोकशाहीच धर्मबाह्य असल्याचे उघड सांगितले होते, त्यामुळे हरणाऱ्यांना ही निवडणूक शेवटचीच वाटली. जानेवारीत लष्कराने दुसरी फेरी रद्द केली आणि देश दशकभराच्या यादवीत लोटला गेला. लष्कराने केले ते अक्षम्य होते, पण जिंकणाऱ्यानेही आपण उद्या हरू शकतो आणि हरलो तर जाऊ, हे आधी पटवून द्यावे लागते. इराकमध्ये मे २००३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरांतील लोकांना नोकऱ्यांतून काढले आणि सारे सैन्य एका आदेशाने विसर्जित केले. लाखो शस्त्रशिक्षित माणसांना एका महिन्यात कळले की नव्या व्यवस्थेत त्यांना जागा नाही. जर्मनी आणि जपान यांचे दाखले देऊन लोकशाही बाहेरून लादता येते असे सांगणारे विसरतात की जपानमध्ये १९२५ मध्येच सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला होता आणि पक्ष आलटूनपालटून सरकारे बनवत होते, तर युद्धानंतर पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झालेले कोनराड आडेनाउअर हे १९१७ ते १९३३ कोलोन शहराचे महापौर होते. तेथे जुने, हरण्याजिंकण्याची सवय असलेले लोक शिल्लक होते.

आता खरा अवघड प्रश्न. जुलमी माणसाला अभय द्यायचे, तर ज्यांची मुले बेपत्ता झाली त्यांनी काय करायचे? अर्जेंटिनाने १९८५ मध्ये लष्करशहांवर खटला चालवला आणि व्हिदेला व मासेरा यांना जन्मठेप झाली. जगाने कौतुक केले. पण खटल्यांचे लोण खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचताच १९८७ च्या ईस्टरला छावण्यांमध्ये बंड झाले, सरकारने माघार घेणारे कायदे केले आणि १९९० पर्यंत पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा झालेल्यांनाही माफी देऊन टाकली. पंधरा वर्षांनी, लष्कर दात नसलेले झाल्यावर, ते कायदे रद्द झाले, खटले पुन्हा उभे राहिले आणि व्हिदेला २०१३ मध्ये तुरुंगातच मेला. चिलीने उलटी वाट धरली. ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के लोकांनी लष्करी हुकूमशहा पिनोशे यांना नाकारले, हवाई दलाचे प्रमुख मात्तेई यांनी रात्रीच पराभव उघडपणे मान्य केला, आणि तरीही पिनोशे १९९८ पर्यंत लष्करप्रमुख व नंतर तहहयात सिनेटर राहिले. निवडून न येता नेमले जाणारे सिनेटर जायला २००५ उजाडले. पिनोशे २००६ मध्ये वारले ते कोणत्याही शिक्षेविना. त्यांचे अनेक हस्तक मात्र तुरुंगात गेले. या दोन कहाण्यांतून मी असा निष्कर्ष काढतो की न्याय पुढे ढकलता येतो आणि पुष्कळदा तो पुढे ढकलावाच लागतो. पण तो कायमचा विकून टाकण्याचा अधिकार वाटाघाटीच्या टेबलाशी बसलेल्यांना नसतो. हे ज्याने सोसले नाही त्याने लिहिणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे.

म्हणूनच हमी कोणत्या प्रकारची आहे याला फार महत्त्व आहे. दक्षिण आफ्रिकेतील सत्तावाटपाला मुदत होती. पोलंडमधील राखीव जागा एकाच निवडणुकीपुरत्या होत्या. इंडोनेशियात १९९८ मध्ये हुकूमशहा सुहार्तो गेल्यावरही संसदेत लष्कराच्या ३८ जागा होत्या, त्या २००४ मध्ये संपल्या. म्यानमारच्या २००८ च्या राज्यघटनेने मात्र लष्कराला २५ टक्के जागा दिल्या आणि घटनादुरुस्तीसाठी ७५ टक्क्यांहून अधिक मतांची अट घातली, म्हणजे कुलूपही लष्कराचे आणि किल्लीही त्याचीच. अशी कायमची हमी मिळालेले लष्कर निश्चिंत राहील असे वाटेल. झाले उलटे. २०२० च्या निवडणुकीत त्याच्या समर्थक पक्षाचा दणदणीत पराभव झाला आणि १ फेब्रुवारी २०२१ ला त्याने सत्ता बळकावली. ज्याला हरल्यावरही काही गमवावे लागत नाही तो मते मिळवायला शिकत नाही, आणि जो मते मिळवायला शिकत नाही त्याला प्रत्येक निवडणूक अपमान वाटते. हमी संपत जाणारी असेल तरच ती घेणारा त्या मुदतीत राजकारण शिकतो.

भारतातील १९७७ चा प्रसंग या चौकटीत पुन्हा वाचण्यासारखा आहे. आणीबाणी लागू असताना इंदिरा गांधींनी जानेवारीत निवडणूक का जाहीर केली यावर अजून एकमत नाही. जिंकण्याची खात्री होती असे म्हणतात, आणि तेही चुकलेल्या अंदाजाचेच उदाहरण ठरेल. पण निवडणूक जाहीर करण्यापेक्षा निकालानंतर जाणे मला अधिक अर्थपूर्ण वाटते. स्वतःच्या मतदारसंघातही हरल्यावर त्या पायउतार झाल्या. नंतर चौकशी आयोग बसला, त्यांना अटक झाली, तुरुंगही पाहावा लागला; पण निवडणूक लढवण्याचा त्यांचा हक्क कोणी काढून घेतला नाही, आणि जानेवारी १९८० मध्ये त्या बहुमताने परतल्या. जनता सरकारच्या गोंधळाची चर्चा खूप होते. पाडलेल्या नेत्याला परतीची वाट मोकळी ठेवणे ही त्या सरकारची, कदाचित नकळत घडलेली, मोठी कामगिरी म्हटली पाहिजे.

या विचाराला एक मर्यादा आहे आणि ती ट्युनिशियाने दाखवली. तेथे २०११ मध्ये हुकूमशहा बेन अली पळाल्यानंतर सत्तेवर आलेल्या एन्नाहदा या इस्लामवादी पक्षाने, जुलै २०१३ मध्ये इजिप्तमधील लष्करी बंड पाहून, वाटाघाटी केल्या, सर्वमान्य राज्यघटनेला हात दिला आणि २०१४ मध्ये सत्ता सोडली. हरणे परवडते हे तेथील सर्व पक्षांनी एकमेकांना दाखवून दिले. तरी २५ जुलै २०२१ ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली तेव्हा रस्त्यांवर निषेधापेक्षा जल्लोष अधिक होता. दहा वर्षांत बेरोजगारी हटली नव्हती, आणि पुढाऱ्यांना परवडणारी व्यवस्था सामान्य माणसाला परवडेनाशी झाली होती. पुढाऱ्यांमधला करार दार उघडतो. त्यानंतर घरात काय घडते याची जबाबदारी तो घेऊ शकत नाही.

गांबियात पुढे सत्यशोधन आयोग नेमला गेला, शेकडो लोकांनी आपल्यावरील अत्याचार उघडपणे सांगितले, आणि आयोगाने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात जामेवर खटला भरण्याची शिफारस केली. डिसेंबर २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने त्यासाठी विशेष न्यायाधिकरणाला मान्यताही दिली. तेव्हा प्रश्न पडतो की माझ्या युक्तिवादानुसार हे चुकीचे आहे का, कारण शेजारच्या राजधान्यांत बसलेले आणखी काही जामे हे सगळे पाहत असणारच. मला तसे वाटत नाही. २ डिसेंबरचा फोन ठेवून जामे शांतपणे घरी गेला असता, तर त्याला काही वर्षे हात लावू नये असे मी, पीडितांची क्षमा मागून, म्हटले असते. पण तो मतांनी गेला नाही, शेजाऱ्यांच्या फौजा आल्यावर गेला. सवलत ही निकाल मान्य करण्याची किंमत होती, आणि तो माल त्याने दिलाच नाही.